भिंग चकाकते, पण खरे कशावरून? अचूक ऑप्टिक्सचा उत्पादक पारखताना

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच महिन्यात दोन मोठ्या विज्ञान प्रकल्पांना मंजुरी दिली. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले, आणि सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेलाही हिरवा कंदील मिळाला. या मोहिमेतील क्वांटम संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. या दोन्ही कामांचा जीव काचेत आहे. लायगोच्या अमेरिकेतल्या वेधशाळांमध्ये टांगलेला एकेक मुख्य आरसा ३४ सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० किलो वजनाचा, शुद्ध सिलिकाचा आहे. अशा बातम्या वाचताना 'प्रिसिजन ऑप्टिक्स' हा शब्द वारंवार भेटतो, आणि तो काही फक्त शास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही. रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात लेसर मार्किंग यंत्र जोडणारा उद्योजक, डोळे तपासण्याचे उपकरण बनवणारी छोटी कंपनी आणि प्रकल्पासाठी दोन भिंगे शोधणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी या सगळ्यांना एकच कोडे पडते. पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या, दिसायला अगदी सारख्या दोन काचांपैकी एकीचे क्वोटेशन काही शे रुपयांचे असते, दुसरीचे काही हजारांचे, आणि दोन्ही उत्पादक 'उत्तम दर्जा'ची ग्वाही देतात. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

माझे उत्तर थोडक्यात सांगतो आणि पुढे त्याची कारणे देतो. कारखान्यात यंत्रे कोणती आहेत, गिऱ्हाइके कोण आहेत, भाव काय आहे, हे सगळे नंतर विचारावे. पहिला प्रश्न एवढाच असावा: हे तुम्ही कशाने मोजले, आणि ते मोजणारे साधन बरोबर आहे हे कशावरून?

अचूक म्हणजे नेमके किती?

भिंगे, आरसे, लोलक, प्रकाश गाळणारे फिल्टर आणि उपकरणाच्या आतला भाग धूळ-पाण्यापासून राखणाऱ्या सपाट काचा, म्हणजे विंडो, या सगळ्यांना मिळून प्रकाशीय घटक म्हणतात. त्यांचा पृष्ठभाग ठरलेल्या आकारापासून किती ढळला आहे, हे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशांत सांगण्याची रीत आहे. मोजणीसाठी बहुतेक ठिकाणी हीलियम-निऑन लेसरचा लाल प्रकाश वापरला जातो. त्याची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर आहे, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ड्रॉइंगवर 'लॅम्डा बाय टेन', म्हणजे तरंगलांबीचा दहावा भाग, असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ, पृष्ठभागावरचे सगळे चढउतार सुमारे ६३ नॅनोमीटरच्या आत हवेत. पंचवीस मिलिमीटरची ती काच कल्पनेत ताणून चर्चगेटपासून विरारपर्यंतच्या साठ किलोमीटरांएवढी केली, तर त्या संपूर्ण अंतरातले सगळे उंचवटे आणि खोलगटपणा मिळून साधारण पंधरा सेंटिमीटरांत, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी उंचीत बसले पाहिजेत.

इतका सूक्ष्म फरक डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. कापड असो की आंबा, गिऱ्हाईक हाताळून काहीतरी अंदाज बांधू शकते. इथे टेबलावर ठेवलेली उत्तम काच आणि वाया गेलेली काच सारख्याच चकाकतात. चूक उघडी पडते ती काच उपकरणात बसवल्यावर, प्रतिमा पुसट आल्यावर किंवा लेसरचा ठिपका फाकल्यावर, आणि तोवर दोष काचेचा की जोडणीचा असा वाद सुरू झालेला असतो.

काच घडते कशी आणि बिघडते कुठे?

काचेच्या ठोकळ्याला आधी हिऱ्याचे कण जडवलेल्या चाकाने ढोबळ गोलाई देतात, मग बारीक होत जाणाऱ्या घर्षणचूर्णाने ती घासतात, आणि शेवटी पिच नावाच्या, डांबरासारख्या दिसणाऱ्या चिवट पदार्थाच्या थरावर सीरियम ऑक्साइडचे पाणी सोडत पॉलिश करतात. मोठ्या कारखान्यांत संगणकनियंत्रित यंत्रे हेच काम वेगळ्या रीतीने करतात, परंतु पॉलिश करून थांबणे, मोजणे आणि पुन्हा पॉलिश करणे ही आवर्तने कोणालाच चुकलेली नाहीत.

मोजण्याची जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत टेस्ट प्लेटची आहे. ज्ञात आकाराची प्रमाण काच कामाच्या काचेवर ठेवायची आणि एकरंगी दिव्याखाली पाहायचे. दोन काचांमधल्या हवेच्या पातळ थरामुळे काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात, आणि एका काळ्या पट्टीपासून पुढच्या काळ्या पट्टीपर्यंत अंतरात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडलेला असतो. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर पृष्ठभाग प्रमाण काचेशी जुळतो. त्या धनुष्यासारख्या वाकल्या तर गोलाईत फरक आहे, आणि टोकाशीच वळल्या तर पॉलिश करताना कडा ढळली आहे. अनुभवी कारागीर काच हातात घेतल्याबरोबर निकाल देत नाही, कारण बोटांच्या उबेनेही काच फुगते आणि पट्ट्या डोळ्यांदेखत सरकतात. तो काच ठेवून देतो, ती निवण्याची वाट पाहतो आणि मग पट्ट्या मोजतो. कारखाना पाहायला गेलात तर ही वाट पाहण्याची शिस्त आहे की नाही, हे जरूर पाहावे. तापमान स्थिर ठेवलेली मापनाची खोली वेगळी नसेल, शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसच्या ठोक्यांनी टेबल हादरत असेल, तर तिथला 'लॅम्डा बाय टेन'चा रिपोर्ट कोणत्या वेळी काढला हा प्रश्न रास्त ठरतो.

आणखी एक खोच अशी, की पातळ काचा पॉलिश करताना आधाराच्या ठोकळ्यावर चिकटवलेल्या असतात. चिकटलेल्या अवस्थेत त्या उत्तम सपाट दिसतात, पण सोडवल्या की अंगातला ताण मोकळा होऊन वाकतात. म्हणून ठोकळ्यावर असताना घेतलेले माप गिऱ्हाइकाच्या काही उपयोगाचे नाही. व्यासाच्या मानाने फार पातळ काच मागितल्यावर जो उत्पादक लगेच 'होऊन जाईल' म्हणतो, त्याच्यापेक्षा 'जाडी थोडी वाढवता येईल का?' असे विचारणारा उत्पादक मला अधिक भरवशाचा वाटतो.

आरसा उत्तम होता, मोजपट्टी चुकली होती

काच जेवढी मोजता येते तेवढीच अचूक करता येते, याचे सर्वांत महागडे उदाहरण अवकाशात फिरते आहे. एप्रिल १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर या नामांकित कंपनीने घडवला होता. पॉलिशच्या सफाईत त्याला तोड नव्हती. पण आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणात एक भिंग आपल्या जागेपासून सुमारे १.३ मिलिमीटर सरकून बसले होते, आणि कारागिरांनी त्या चुकलेल्या उपकरणावर विसंबून अत्यंत काटेकोरपणे चुकीचा आकार घडवला. आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक सपाट झाली, आणि दुर्बिणीची चित्रे पुसट आली. चौकशीत पुढे आलेली गोष्ट याहून बोलकी आहे: कारखान्यातल्या इतर चाचण्यांनी गडबडीची सूचना आधीच दिली होती, परंतु ती साधने कमी अचूक आहेत असे समजून त्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवण्यात आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशयोजना बसवल्यावर चित्रे सुधारली.

यावरून उत्पादकाला विचारण्याचे दोन प्रश्न हाती लागतात. पहिला, तुमचा इंटरफेरोमीटर किंवा टेस्ट प्लेट कशाशी पडताळलेली आहे आणि शेवटची कधी? इंटरफेरोमीटर म्हणजे लेसरच्या साहाय्याने त्याच पट्ट्या उमटवून त्यांचा संगणकीय नकाशा काढणारे उपकरण. तेही स्वतःच्या प्रमाण काचेइतकेच खरे बोलते. दुसरा, दोन वेगळ्या पद्धतींनी घेतलेली मापे जुळली नाहीत तर तुमच्याकडे काय करतात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस गोंधळला, तर तसा प्रसंग तिथे कधी कोणी नोंदवलेलाच नाही, असे समजायला हरकत नाही.

'पण आयएसओ प्रमाणपत्र आहे ना?'

असावे, पण ते कशाचे आहे हे वाचावे. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे: कामाची रीत लिहिलेली आहे, नोंदी ठेवल्या जातात, तक्रारींचा पाठपुरावा होतो, एवढे ते सांगते. काच किती सपाट आहे याबद्दल ते मौन बाळगते. मापनाच्या क्षमतेविषयीचे मानक वेगळे आहे, आयएसओ १७०२५, आणि भारतात त्यानुसार प्रयोगशाळांना एनएबीएल ही संस्था मान्यता देते. ही मान्यताही सरसकट नसते. कोणते माप, कोणत्या मर्यादेत आणि किती अनिश्चिततेने घेता येते याची व्याप्ती तिच्यासोबत जोडलेली असते. वजनकाट्यांच्या तपासणीची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा शिक्का भिंगाच्या रिपोर्टावर पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. व्याप्तीचा तक्ता एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो.

रिपोर्ट वाचायचा तो असा

मालासोबत येणारे कागद दोन प्रकारचे असतात. एकावर 'माल ड्रॉइंगप्रमाणे आहे' असे एक वाक्य आणि सही असते. दुसऱ्यावर प्रत्येक नगाचा क्रमांक, मोजलेला आकडा आणि पट्ट्यांचा किंवा पृष्ठभागाचा नकाशा असतो. पहिला कागद म्हणजे आश्वासन, दुसरा म्हणजे पुरावा. ऑर्डर देतानाच दुसरा मागावा, कारण माल आल्यावर मागितला तर तो बहुधा मिळत नाही. आणि दहा नगांच्या रिपोर्टात दहाही आकडे तंतोतंत सारखे दिसले तर कौतुक करण्याऐवजी फोन करावा, कारण खऱ्या मोजणीत थोडा फरक येतोच.

आकड्यांतही पळवाटा आहेत. 'लॅम्डा बाय टेन' हा फरक सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदूंमधला आहे की सगळ्या पृष्ठभागाचा सरासरी विचलनाचा आकडा आहे? एकाच काचेचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कित्येक पटींनी लहान येतो, त्यामुळे दोन क्वोटेशनांत एकच संख्या दिसली तरी काचा वेगळ्या दर्जाच्या असू शकतात. मोजमाप कोणत्या तरंगलांबीला केले? ते संपूर्ण व्यासावर आहे की मधल्या उपयुक्त भागावर? कडेचा भाग सहसा हिशेबातून वगळतात आणि ते योग्यच आहे, पण किती वगळला हे लिहिलेले हवे. कोटिंग चढवण्याआधी मोजले की नंतर? कोटिंगच्या थरातल्या ताणाने पातळ काच वाकते, म्हणून आधीचा सुंदर आकडा नंतर खरा राहीलच असे नाही.

पृष्ठभागावरच्या ओरखड्यांसाठी '६०-४०' किंवा '२०-१०' अशी जोडसंख्या लिहिलेली असते. ही रीत अमेरिकी लष्कराच्या मानकातून आली आणि जगभर रुळली. दुसरा आकडा खळग्याचा असतो आणि तो सरळ आहे: ४० म्हणजे ०.४ मिलिमीटर व्यासाचा खळगा. पहिला आकडा ओरखड्याचा, आणि तिथेच घोळ होतो. पुष्कळांना तो ओरखड्याची मायक्रॉनमधली रुंदी वाटतो, पण प्रत्यक्षात काळ्या पार्श्वभूमीसमोर दिव्याच्या उजेडात काच धरून, ओरखडा प्रमाण नमुन्याच्या तुलनेत किती उठून दिसतो, एवढेच त्यात पाहिलेले असते. निकाल तपासणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहतो. म्हणून उत्पादकाकडे प्रमाण नमुन्यांचा संच आहे का आणि तपासनीस एकच आहे की दोन, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. आयएसओ १०११० या नव्या मानकात दोषांचे आकारमान आणि संख्या मोजून लिहिण्याची सोय आहे. ड्रॉइंग त्या पद्धतीने केले तर वाद कमी होतात.

मुंबईच्या पावसाळ्यात कोटिंगचे काय होते?

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार-पाच भिंगे असलेल्या उपकरणात हा तोटा मोठा होतो, म्हणून परावर्तन कमी करणारे पातळ थर काचेवर चढवतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थरही हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास आणतो. हे थर निर्वातात चढवले जातात, आणि ते कसे चढवले यावर मुंबईत बरेच काही ठरते. पदार्थ तापवून नुसत्या वाफेने बसवलेला थर सूक्ष्म पातळीवर सच्छिद्र असतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या छिद्रांत पाणी शिरते, थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप, बदलतो आणि ज्या तरंगलांबीसाठी तो बनवला होता ती सरकते. साध्या भिंगाला याने फारसा फरक पडत नाही, पण अरुंद पट्ट्यातला प्रकाश निवडणारा फिल्टर कोरड्या प्रयोगशाळेत एक वागतो आणि पावसाळ्यात दुसरे. आयनांच्या माऱ्याने घट्ट बसवलेले थर या बाबतीत पुष्कळ स्थिर असतात, अर्थात महागही असतात.

म्हणून उत्पादकाला कोटिंगचा आलेख मागताना दमटपणाच्या चाचणीचाही पुरावा मागावा. रूढ चाचणीत नग सुमारे ४९ अंश सेल्सियस तापमानात आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४ तास ठेवतात. त्यानंतर चिकटपट्टी लावून ओढली असता थर निघता कामा नये. समुद्रकाठच्या वापरासाठी खारे धुके सोडूनही तपासतात. चाचणी विकायच्या नगांवर न करता त्यांच्यासोबत त्याच खेपेत कोटिंग केलेल्या साक्षीदार काचेवर करतात, तेव्हा ती काच त्याच खेपेतली होती याची नोंद पाहावी. दमट हवेत काचेवर बुरशीही चढते, हे मुंबईतल्या प्रत्येक कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक आहे. माल आल्यावर तो सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवण्याची जबाबदारी मात्र आपली.

'मग सगळ्यात काटेकोर तेच मागितले तर?'

मागू नये. टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, जितका आवळाल तितकी किंमत चढते, आणि ती सरळ रेषेत चढत नाही. शेवटच्या टप्प्यावर प्रत्येक नगाला पुन्हा पुन्हा मोजावे लागते आणि नापास नगांचे प्रमाण वाढते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले येथे उभारलेल्या मेस या २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या आरशात काच नाहीच. तिच्यात हिऱ्याच्या हत्याराने कातलेले १,४२४ धातूचे आरसे आहेत. ती दुर्बीण गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारा क्षणिक निळसर प्रकाश गोळा करते, आणि त्या कामाला ताऱ्यांची रेखीव चित्रे काढणाऱ्या दुर्बिणीइतका काटेकोर आरसा लागत नाही. तिथे लायगोच्या दर्जाचा आग्रह धरला असता तर पैसा वाया गेला असता. आपले उपकरण टॉर्चसारखा उजेड टाकणार आहे, प्रतिमा काढणार आहे की तीव्र लेसर झेलणार आहे, हे आधी ठरवावे. उजेडासाठी ६०-४० पुरेसे होते. तीव्र लेसरच्या वाटेत तोच ओरखडा काच जाळू शकतो.

परदेशी घेतले की सुटलो?

तयार मापाची चार-दोन भिंगे हवी असतील तर नामांकित परदेशी कंपनीच्या कॅटलॉगमधून घेणे सोयीचे आहे, त्यात लाज नाही. मात्र आपल्या ड्रॉइंगप्रमाणे वेगळे काही हवे असेल तेव्हा शिक्क्यापेक्षा अंतर महत्त्वाचे ठरते: नापास नग परत पाठवणे, शंका विचारणे, समोर बसून पट्ट्या पाहणे हे जवळच्या उत्पादकाकडेच जमते. शिवाय 'परदेशी' आणि 'देशी' हा भेद कच्च्या मालात फारसा टिकत नाही. प्रकाशीय काच वितळवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, जर्मनीची शॉट, जपानच्या ओहारा आणि होया, चीनची सीडीजीएम, आणि भारतातले बरेच भिंग त्यांच्याच काचेचे असते. काचेचा अपवर्तनांक प्रत्येक वितळीगणिक, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्यागणिक, चौथ्या दशांश स्थळी बदलतो, त्यामुळे काच कोणत्या वितळीतली आहे याचा दाखला मागावा. तो दाखवता न येणारा माणूस उत्पादक नसून मधला व्यापारी असण्याची शक्यता बरीच असते.

पाच नगांच्या ऑर्डरला कोण विचारतो?

ही अडचण खरी आहे. पाच भिंगांसाठीही हत्यारे आणि टेस्ट प्लेट तेवढीच लागतात, म्हणून छोटी ऑर्डर महाग पडते किंवा नाकारली जाते. यावर जुन्या जाणत्या डिझायनरांची एक युक्ती आहे: रचना पक्की करण्याआधी उत्पादकाकडून त्याच्याकडच्या टेस्ट प्लेटांची यादी मागवायची आणि भिंगाच्या त्रिज्या त्या यादीतल्या आकड्यांवर आणून बसवायच्या. नवी टेस्ट प्लेट करावी लागत नाही, खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात, आणि यादी किती मोठी व नीट ठेवलेली आहे यावरून कारखान्याची पारखही होते. मोठी ऑर्डर द्यायची असेल तर आधी लहान चाचणी लॉट घ्यावा, आणि त्यातले एक-दोन नग तिऱ्हाईत प्रयोगशाळेत मोजून घ्यावेत. उत्पादकाचा आकडा आणि तिचा आकडा जुळला, तर काच थोडी कमी दर्जाची निघाली तरीही तो उत्पादक टिकवून ठेवावा. काच सुधारता येते, खोटा आकडा देण्याची सवय सुधारत नाही.

'आमच्याकडे एल-वनलाच द्यावे लागते'

सरकारी महाविद्यालये आणि संस्थांची ही तक्रार नेहमीची. सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला काम, हा नियम तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्येच लागू होतो, म्हणून सगळी ताकद निविदेच्या दोन लिफाफ्यांपैकी पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात लावावी. 'उच्च दर्जाचे भिंग' असे लिहिले तर कोणीही पात्र ठरतो. त्याऐवजी प्रत्येक नगाचा क्रमांकासह नकाशा, मोजणीची तरंगलांबी, उपयुक्त व्यास, कोटिंगनंतरचे माप आणि दमटपणाच्या चाचणीचा अहवाल अशा अटी लिहिल्या, तर मोजणीची सोय नसलेले आपोआप गळतात आणि उरलेल्यांत स्वस्त कोण हे पाहण्यात काही गैर राहत नाही. एक कलम मात्र खाजगी असो की सरकारी, प्रत्येक करारात हवे आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते: गिऱ्हाइकाचे माप आणि उत्पादकाचे माप जुळले नाही तर कोणत्या प्रयोगशाळेचे माप अखेरचे मानायचे, तिचा खर्च कोणी सोसायचा, आणि नापास ठरलेला नग किती दिवसांत बदलून द्यायचा. भाव ठरण्याआधी या कलमावर बोलणे काढावे; उत्पादक ते वाचून सही करतो, की 'एवढे कशाला, आपला विश्वास आहे ना' म्हणतो, हे त्याच बैठकीत कळते.